खाल्लेलं अंगी का लागत नाही?

अल्सेशियन कुत्रा दिवसभर आधाशासारखा खातो, तरी बरगड्या मोजता येतात. विष्ठा ढीगभर, पिवळट, तेलकट. घरचे जंतांचं औषध देऊन पाहतात, फरक शून्य. स्वादुपिंड पुरेसे पाचकरस तयार करेनासं झालं की कुत्र्याची अशी गत होते. विसाव्या शतकात बराच काळ हा आजार खात्रीने ओळखताच येत नव्हता, कारण पशुवैद्य उत्तर विष्ठेत शोधत होते.

विष्ठा तपासायची एक पद्धत मोठी मासलेवाईक. एक्स-रे फिल्मवर जिलेटिनचा थर असतो. विष्ठा सोडा-बायकार्बच्या पाण्यात कालवायची, फिल्मची पट्टी त्यात बुडवायची आणि उबेला ठेवायची. थर विरघळला तर ट्रिप्सिन हा स्वादुपिंडातला पाचकरस आहे, म्हणजे स्वादुपिंड ठीक. स्वस्त आणि मस्त! पण आतड्यातले जिवाणूही जिलेटिन फस्त करतात, आणि धडधाकट कुत्र्याच्या विष्ठेतही ट्रिप्सिन रोज सारखं नसतं. पट्टी मग वाटेल ती साक्ष देई.

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला रॉजर बॅट आणि डेव्हिड विल्यम्स रक्ताकडे वळले. स्वादुपिंडातलं थोडं ट्रिप्सिनोजेन, म्हणजे ट्रिप्सिनचं पूर्वरूप, नेहमीच रक्तात झिरपतं. ग्रंथीच झिजली तर झिरपणार काय? 1988 साली त्यांनी या रक्तचाचणीचा पडताळा प्रसिद्ध केला. निरोगी कुत्र्यात लिटरमागे साधारण 5 ते 35 मायक्रोग्रॅम, आणि 2.5च्या खाली गेलं की निदान पक्कं. नुसतं आतडं बिघडलेल्या कुत्र्यांत मात्र हा आकडा असा घसरत नाही. वरून सारख्याच दिसणाऱ्या दोन दुखण्यांची फारकत झाली, ती इथे.

विल्यम्स अमेरिकेत गेले. त्यांनी उभारलेली पचनविकारांची प्रयोगशाळा कॅन्सस स्टेट, मग पर्ड्यू, मग टेक्सास ए अँड एम अशी विद्यापीठं बदलत त्यांच्याबरोबर फिरली. तिथे चाचण्या प्रत्येक प्राण्यासाठी वेगळ्या घडवाव्या लागल्या, कारण माणसाचं किट कुत्र्याला चालत नाही आणि कुत्र्याचं मांजराला.

बी-12ची गंमत तर निराळीच. हे जीवनसत्त्व शोषायला लागणारं प्रथिन माणसाच्या जठरात बनतं. कुत्र्यात ते मुख्यतः स्वादुपिंड पुरवतं, आणि मांजरात फक्त स्वादुपिंडच. त्यामुळे उपचारात नुसती पाचक एन्झाइमची पावडर जेवणात कालवून भागत नाही, अनेकदा बी-12ही द्यावं लागतं. ही पावडर येते डुकराच्या स्वादुपिंडापासून. ती न मिळाल्यास कच्चं स्वादुपिंड बारीक चिरून घालण्याचा जुना उपायही चालतो.

पण हा आजार जास्त करून अल्सेशियनलाच का? फिनलंडच्या एलियास वेस्टरमार्क यांनी 1980च्या सुमारास हा आजार आनुवंशिक असल्याचं दाखवलं, आणि एकाच जनुकाचा हा खेळ असावा, असं पुढे बरीच वर्षं मानलं गेलं. 2010 साली त्यांच्याच गटाने आजारी नर-मादीच्या सहा पिल्लांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिशेब सरळ असता तर सहाही आजारी पडायला हवी होती. पडली दोनच.