धन्य डॉमिनिक यांचें मोडकें इंग्रजी

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपल्या धर्मग्रामाच्या पूर्वजांचें स्मरण करीत असतां आजची एक अडचण आमच्या मनांतून जात नाहीं. आपलीं मुलें इंग्रजी वाचतात, लिहितात, परीक्षेंतही उत्तीर्ण होतात; परंतु चार शब्द बोलावयास सांगितले कीं मान खालीं घालतात. चूक होईल व लोक हंसतील, हें भय त्यांची जीभ बांधून ठेवितें. अशा मुलांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस एका परदेशी धर्मगुरूची हकीकत सांगावी, असें आम्हांस वाटतें.

धन्य डॉमिनिक बार्बेरी यांचा जन्म १७९२ सालीं इटलींतील व्हितेर्बो शहराजवळ एका शेतकरी कुटुंबांत झाला. पॅशनिस्ट संघांत प्रवेश करून ते तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान यांचे अध्यापक झाले. त्यांनीं ग्रंथही लिहिले. इंग्लंडांत जाऊन सेवा करावी, ही त्यांची तारुण्यापासूनची तळमळ होती. ती सफल होईपर्यंत पन्नाशी जवळ आली. १८४२ च्या फेब्रुवारींत स्टॅफर्डशायर परगण्यांतील ॲस्टन हॉल येथें ते राहूं लागले.

तेथें या विद्वानाची स्थिति शाळेंत नुकत्याच बसविलेल्या पोरासारखी झाली. ते इंग्रजींत प्रार्थना वाचूं लागतांच समोरची मंडळी हंसूं लागली. हंसणारे कोणी परके नव्हते. त्यांच्याच मंदिरांतील भाविक होते! शेजारच्या स्टोन गांवीं तर पोरांनीं त्यांजवर दगडही फेकले. लॅटिनमध्यें मिस्सा अर्पण करून बाकीच्या वेळीं मौन धरणें त्यांस सोपें होतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. त्याच मोडक्या भाषेंत ते उपदेश करीत राहिले. पुढें लोकांस त्यांची खरी ओळख पटली. थट्टा ओसरली, प्रेम वाढलें, आणि अनेकांनीं त्यांच्या हातून कॅथोलिक धर्म स्वीकारिला.

८ ऑक्टोबर १८४५ रोजीं रात्रीं ते पावसांत चिंब भिजून ऑक्सफर्डजवळील लिटलमोर येथें पोहोंचले. शेकोटीपाशीं अंग वाळवीत असतां जॉन हेन्री न्यूमन आंत आले व त्यांनीं त्यांजपुढें गुडघे टेकले. दुसऱ्या दिवशीं डॉमिनिक यांनीं त्यांस धर्मसभेंत घेतलें. ज्यांची गणना इंग्रजी गद्याच्या थोर लेखकांत होते, त्यांस एका अडखळत बोलणाऱ्या परदेशीयाचा आधार झाला! डॉमिनिक १८४९ सालीं निवर्तले. १९६३ सालीं ते धन्य घोषित झाले, आणि न्यूमन यांस २०१९ सालीं संतपद मिळालें.

आपल्या मराठीकडे पाहिलें तरी हाच बोध होतो. १५७९ सालीं गोव्यास आलेले जेसुइट फादर थॉमस स्टीफन्स जन्मानें इंग्रज; तरी त्यांचें मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं छापून निघालें. आरंभीं त्यांचीही जीभ अडखळली असेलच. पण त्यांचें बोलणें ऐकून घेणारे कोणी तरी आपलेच पूर्वज असले पाहिजेत.

आम्हीं स्वतः सेमिनरींतील पहिलें वर्ष जवळजवळ मुक्यानें काढलें. एका उच्चारावर सोबती हंसले होते, एवढेंच कारण. पुढें एक वडील सोबती रोज सायंकाळीं फिरावयास नेई, आमचें वाक्य पुरें होईपर्यंत थांबे, आणि चूक मागाहून एकांतांत सांगे. त्यानें आमची जीभ मोकळी केली.

तरी, प्रिय बंधुभगिनींनो, घरीं मूल बोलूं लागलें तर त्यास मध्येंच तोडूं नका. प्रथम त्यास पाठ असलेली प्रार्थना म्हणूं द्या, मग मोठ्यानें वाचूं द्या, मग दिवसांतील एखादी गोष्ट दोन वाक्यांत सांगूं द्या. आणि मुलांनो, पूर्ण शुद्ध बोलतां येईपर्यंत थांबूं नका. डॉमिनिक थांबले नाहींत. या ज्युबिलीच्या वर्षीं आपण सर्व एवढा निश्चय करूं कीं, आपल्या मंदिरांत व आपल्या घरीं कोणाच्याही मोडक्या शब्दावर हंसावयाचें नाहीं.