दक्षिणेचें द्रव्य आणि मोडी दप्तरें

पेशवाईंत श्रावणमासीं विद्वानांस वाटली जाणारी दक्षिणा हीच पुण्यांतील अभ्यासवृत्तींची जननी होय. तिच्या द्रव्यांतून १८२१ सालीं संस्कृत पाठशाळा निघाली व पुढें पदवीधरांस ‘दक्षिणा फेलो’ नेमण्याचा प्रघात पडला. न्यायमूर्ति रानडे त्यांपैकींच. शास्त्राध्ययनार्थ ठेविलेलें द्रव्य अर्थशास्त्रज्ञाच्या पोषणास लागलें. त्यांनींच १९०० सालीं पेशव्यांच्या रोजनिश्यांवर निबंध लिहून राज्यकारभार व वसूल यांची मीमांसा केली.

आज प्रांताच्या अर्थकारणाच्या अभ्यासार्थ कोणी परस्थ पंडित कांहीं महिन्यांच्या वृत्तीवर येतो, तेव्हां जमाबंदीचे व ताळेबंदांचे कागद मोडींत पाहून थबकतो. म्हणून वृत्तीची मुदत ठरवितांना मोडी शिकण्याचा काळ आधीं जमेस धरावा, आणि आमच्या संग्राहक बंधूंनीं आपले रुमाल त्याच्यापुढें मोकळ्या मनानें सोडावे, एवढीच आमची विनंति आहे.