डाख: पत्र्याच्या चिमणीपासून सौरपट्टीपर्यंत

सातपुड्यातल्या पाड्यांवर वीज पोचण्याआधी उजेड असे तो रॉकेलच्या चिमणीचा. चिमणीच्या पत्र्याचा सांधा डाख देऊन बुजवलेला असे. कथील आणि शिसे एकत्र वितळवायचे, नवसागराने पत्रा साफ करायचा आणि तापल्या तांब्याच्या टोकाने रस ओढायचा. तेल गळले नाही की डाखाचे काम झाले. प्राचीन रोममध्ये शिशाचे नळ जोडणाऱ्यांचीही डाखाकडून एवढीच अपेक्षा होती.

डाखाची सारी किंमत त्याच्या लवकर वितळण्यात आहे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ला. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे असा मेळ घातला, तर १८३लाच रस होतो. त्यामुळे शेजारचे नाजूक भाग जळत नाहीत.

रेडिओच्या जमान्यात डाखाच्या वाट्याला वीज आली. तरी ओझे त्याच्यावर नव्हते. तार आधी पट्टीला पिळून बांधत, मग डाख लावत. ओढ सोसायची ती पिळाने. पुढे छापील सर्किट आले आणि सुट्या भागांचे पाय पाटीच्या भोकांत उतरले. १९८०च्या दशकात भोकेही गेली. भाग पाटीच्या पृष्ठभागावर नुसते चिकटू लागले, आणि धरून ठेवण्याचे सारे काम डाखावर आले.

इथेच तापमानाने गाठले. प्रत्येक पदार्थ तापला की आपल्या मापाने फुगतो. मीटरभर तांबे एका अंशाला सुमारे १७ मायक्रोमीटर वाढते, सिलिकॉन तीनही नाही. दोघे डाखाने जोडलेले असले, तर हा फरक मधल्या थराला पोटात घ्यावा लागतो. तापताना एका बाजूला ताण, निवताना उलट्या. डाख मऊ असल्याने तो मोडत नाही, वाकतो. असे वाकत वाकत तो शिणतो आणि बारीक तडा हळूहळू आरपार जातो.

असा शीण किती फेऱ्यांत येतो, याचा हिशेब अमेरिकेत कॉफिन आणि मॅन्सन यांनी १९५०च्या दशकात स्वतंत्रपणे मांडला. दर फेरीत धातू जितका जास्त कायमचा वाकेल, तितके त्याचे आयुष्य झपाट्याने घटते. मात्र डाखाला हा नियम जसाच्या तसा लागेना. ४५ अंशांच्या दुपारी डाख आपल्या वितळबिंदूच्या, निरपेक्ष मापाने, ७० टक्क्यांवर असतो. लोखंडाला तिथवर न्यायचे तर ते लालभडक करावे लागेल. म्हणून डाख नुसत्या ताणाखालीही सावकाश सरकत राहतो, आणि फेरी किती वेळ चालली यालाही महत्त्व येते. १९६९मध्ये आयबीएमच्या नॉरिस आणि लँड्सबर्ग यांनी फेऱ्यांचा वेग आणि कमाल तापमान या हिशेबात धरले.

सौरपट्टीत सिलिकॉनच्या घटावर तांब्याची फीत डाखाने जोडलेली असते. अमेरिकेतल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने १९७५पासून सरकारसाठी पट्ट्या खरेदी करताना तापवण्या-निववण्याच्या चाचण्या कडक करत नेल्या. आज आंतरराष्ट्रीय मानकानुसार पट्टीला उणे ४० ते ८५ अंश अशा २०० फेऱ्या सोसाव्या लागतात. युरोपने २००६पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंतून शिसे हद्दपार केले. कथील, चांदी आणि तांब्याचा नवा डाख २१७ अंशांच्या पुढे वितळतो. सौरपट्ट्या मात्र या बंदीतून वगळल्या गेल्या.

सातपुड्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात डाबसारख्या उंच गावांत थंडीत दव गोठते, तर त्याच जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हातली पट्टी हवेपेक्षाही कितीतरी जास्त तापते. मानकाची परीक्षा कारखान्यातून निघणाऱ्या पट्टीची होते. पण सौरदिव्यातली तार, बॅटरीची पट्टी, स्विचचा पाय यांचे सांधे अनेकदा गावातच हाताने लागतात. आयआयटी मुंबईच्या दहा लाख सौरदिव्यांच्या योजनेत जुळणी आणि दुरुस्ती स्थानिकांकडेच सोपवली होती.

सकाळी चालणारा आणि दुपारी बंद पडणारा दिवा हातात आला, तर आधी सांध्याभोवतीची बारीक काळी कडी भिंगाने शोधावी. पुन्हा डाख दिला की तडा बुजतो, पण ओढ तशीच राहते. तारेला थोडी ढील ठेवली आणि सांध्याजवळ ती आधाराला बांधली, तरच दुरुस्ती टिकते. रेडिओवाल्यांचा पिळ हेच काम करत होता.