किती कापावे, रक्त कसे थांबवावे

टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेचा इतिहास आपल्याकडे बहुधा सुश्रुतापाशी सुरू होतो आणि अभिमानाच्या भरात तिथेच संपतो. त्याने नेमके काय सांगितले, हे मात्र क्वचितच वाचले जाते. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, बाविसाव्या अध्यायात, गलशुंडिका म्हणजे सुजून जिभेवर आलेली पडजीभ पकडून ओढावी आणि मंडलाग्र शस्त्राने कापावी, असे आहे. कापायची ती तिसरा भागच. जास्त कापली तर रक्त वाहून रोगी दगावतो. कमी कापली तर सूज, लाळ, भोवळ मागे लागते. तुंडिकेरीला, जिला आज अनेक जण टॉन्सिलची सूज मानतात, हाच विधी काही फरकाने लागू केला आहे. एवढ्यावरून आजची शस्त्रक्रिया त्याला ठाऊक होती म्हणणे घाईचे ठरेल. पण किती कापावे आणि रक्ताचे काय, हे प्रश्न त्याने एकत्र मांडले. पुढची हत्यारे याच दोन प्रश्नांभोवती फिरली आहेत.

1828 मध्ये फिलाडेल्फियाच्या फिलिप सिंग फिझिकने पडजीभ कापायच्या हत्यारात बदल करून टॉन्सिलसाठी गिलोटिन बनवले. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती. जागे मूल धरून ठेवायचे असे, म्हणून काही सेकंदांत काम उरकणारे पाते सर्वांना आवडले. लंडनच्या मोरेल मॅकेन्झीने ते आणखी लोकप्रिय केले. यात गाठीचा पुढे आलेला भाग निघे, मूळ राहून जाई आणि त्रास पुन्हा उद्भवे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विचार उलटला. 1909 मध्ये लंडनच्या जॉर्ज वॉ यांनी आवरणासकट अख्खा टॉन्सिल सोडवून काढायची पद्धत मांडली. तोंड उघडे ठेवणारे साधन वापरून अमेरिकेत सॅम्युएल क्रो यांनी 1917 मध्ये हजार रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. माझ्या मते या इतिहासातले खरे वळण हे आहे: कापण्याचा वेग मागे पडला आणि रक्तवाहिनी डोळ्यांना दिसू लागली. दिसली की ती दोऱ्याने बांधता येते.

नंतर विजेची उष्णता आली. उती कापता कापता रक्त गोठते, टेबलावर रक्त जवळजवळ सांडत नाही. मिठाच्या पाण्यातून रेडिओलहरी सोडून कमी तापमानात काम करणारे कोब्लेशनही आले. टेबलावरचे चित्र समाधानकारक होते. घरी गेल्यावरचे मात्र तसे नव्हते. इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये जुलै 2003 ते सप्टेंबर 2004 या काळात सुमारे 34 हजार रुग्णांची पाहणी झाली. जिथे कापायला आणि रक्त थांबवायला उष्णता वापरली, तिथे नंतरच्या रक्तस्रावाचा धोका साध्या शस्त्राच्या तुलनेत सुमारे तिप्पट आढळला. कोब्लेशनही त्याला अपवाद नव्हते.

हा फरक आमच्या राजूरसारख्या गावात वेगळाच भासतो. शस्त्रक्रियेनंतरचा उशिराचा रक्तस्राव बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास, जखमेवरची खपली सुटताना होतो. तोवर रोगी घरी आलेला असतो. कोळसा खाणी आणि चुनाभट्ट्यांच्या या गावातून वणी जवळ आहे. पण मोठे शासकीय रुग्णालय गाठायचे तर चंद्रपूर, नाहीतर शंभरेक किलोमीटरवरचे यवतमाळ. रात्री दोन वाजता मूल रक्त थुंकू लागले तर गाडी शोधण्यापासून सुरुवात. तेव्हा कोणते यंत्र नवे यापेक्षा सातव्या दिवशी काय होईल, हे डॉक्टरांना आधीच विचारलेले बरे. चिमटा, कात्री, दोरा यांना तंत्रज्ञान म्हणायला आपण कचरतो, एवढेच.

अलीकडे घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडणाऱ्या लहान मुलांमध्ये आवरण शाबूत ठेवून आतला बराचसा भाग काढण्याकडे पुन्हा कल आहे. वेदना आणि रक्तस्राव कमी होतो. उरलेली गाठ काहींमध्ये पुन्हा वाढते. वारंवार घसा सुजणाऱ्यांसाठी अख्खा टॉन्सिल काढावा की एवढेच पुरे, यावर शल्यविशारदांचे अजून एकमत नाही.