नेवाशाच्या जमिनीखालचं पोर

गंगाखेडच्या घाटावरून निघा आणि गोदावरीच्या उलट्या दिशेनं चालत राहा. पाथरी मागं पडेल, पैठण मागं पडेल. वाटेत जायकवाडीचं धरण नाहीसं होतं, मग ऊस, मग लोखंड. प्रवरासंगमाला वळून नेवाशात शिरता तेव्हा इसवी सन सुरू व्हायला हजाराहून जास्त वर्षं आहेत.

कुडाचं घर आहे. चोपलेली जमीन एका जागी उकरलीय आणि खड्ड्यात हातानं घडवलेली दोन राखाडी मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलीत. आत पोर आहे. मेलेलं लेकरू घराबाहेर न्यायचं नाही, पायाखालीच ठेवायचं, अशी इथली रीत. इथल्याच एका पोराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ आहे, रेशीम-कापसाच्या धाग्यात ओवलेली. आई हाक मारते. मुलाचं नाव की मुलीचं? तिची भाषा तुम्हाला येत नाही, आज ती कुणालाच येत नाही. बघता बघता माती लोटली जाते.

डोळे उघडा. १९५० चं दशक आहे. तुम्ही खड्ड्याच्या काठाशी उकिडवे बसलात, डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांच्या उत्खननात. अशा लेकरांचं वय सांगायला जबडा पुरतो. पहिला दुधाचा दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस होतात, सहाव्या वर्षाच्या आसपास पहिली कायमची दाढ. जबड्याच्या हाडात अजून न उगवलेला दात किती तयार झालाय, हेही बघतात. त्यामुळं लहान पोराचं वय बरंच नेमकं निघतं. मुलगा की मुलगी, हे मात्र नाही. तो फरक हाडात ठळक उतरतो वयात आल्यावर. गळ्यात माळ म्हणजे मुलगी, असं तुमच्या ओठावर येईल. आवरा. ते तुमच्या घरातलं दागिन्याचं गणित आहे, हाडांचं नव्हे.

मोठ्यांचं नेमकं उलटं. इनामगावला चला, घोड नदीकाठी. तिथं १९६८ पासून खोदकाम झालं आणि सांगाडे जॉन लुकाक्स व सुभाष वाळिंबे यांनी अभ्यासले. तिथल्या प्रौढांचे पाय बहुधा घोट्याखाली तोडून पुरलेले. भूत होऊन पळू नये म्हणून, असं म्हणतात. मला तो अंदाजच वाटतो. एकाचे मात्र शाबूत आहेत. चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात तो बसवलेला आहे. पुरुष, वय साधारण चाळीस.

पुरुष कशावरून? बाईच्या कंबरेच्या हाडाची मागची खाच रुंद असते, पुरुषाची अरुंद. भुवयांवरचा कंगोरा नि कानामागचा उंचवटा त्याचा सहसा ठसठशीत. पूर्ण वाढलेली कंबर हाती असेल तर जाणकार क्वचितच चुकतो. पण ‘साधारण चाळीस’ मधला ‘साधारण’ विसरू नका. गळ्याखालच्या आडव्या हाडाचं छातीकडचं टोक विशी संपता संपता जुळतं. त्यानंतर वाढीच्या खुणा संपतात, उरते ती झीज. आणि झीज प्रत्येकाची वेगळी: जन्मभर ओझी वाहणारा आणि गादीवर बसणारा एकाच वयात सारखे दिसत नाहीत.

कोर्टालाही हे ठाऊक आहे. जिवंत मुलाचं वय एक्स-रेवरून काढलं तरी दोन वर्षं इकडं-तिकडं धरावीत, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ साली म्हटलं.

आता परत या, तुमच्याच वावरात. विहीर खणताना किंवा पोकलेन चालताना हाडं वर आली, तर पोत्यात भरू नका, धुऊ नका. लहान पोरांच्या हाडांची टोकं सुटी असतात, खड्यांसारखी दिसतात आणि मातीतच राहून जातात. वय त्यांच्यावरच लिहिलेलं असतं. काम थांबवा आणि पोलीस पाटलाला कळवा.