सामायिक घराचा हिशेब



इतिहास म्हटला की जुन्नरकरांच्या डोळ्यांपुढे शिवनेरी उभा राहतो आणि ते योग्यच आहे. परंतु आज मला किल्ल्याविषयी बोलावयाचे नसून घराविषयी बोलावयाचे आहे. तेही पुष्कळ माणसे एकत्र राहतात अशा घराविषयी. या गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. त्यांतील बरीचशी बौद्ध भिक्षूंच्या निवासाची. येथील सातवाहनकाळच्या एका शिलालेखात नोंद आहे की, धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दान दिले. श्रेणी म्हणजे एका धंद्यातील लोकांची संघटना. खोल्या आणि पाणी यांचा विचार त्या संघटनेने एकाच वेळी केला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता लेण्याद्रीचे सातवे लेणे पाहा. तेथे आज गिरिजात्मजाचे देऊळ आहे. आत एकही खांब नसलेला मंडप. दोन्ही बाजूंस सात-सात आणि मागे सहा, अशा वीस खोल्या. तोंड दक्षिणेस, पुढे ओसरी. आपल्या अक्षांशावर डिसेंबरात भरदुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे 47 अंशांवर असतो, म्हणून थंडीत ऊन पुढच्या भागात शिरते. मे महिन्यात तो जवळजवळ डोक्यावर येतो आणि ऊन बाहेरच राहते. दुपारची उष्णता जाड खडकातून आत पोचेपर्यंत रात्र होते. पाऊस चार महिने, म्हणून पाणी साठविण्याची टाकी डोंगरातच खोदलेली; नदीवरून घागरी वाहून आणण्याचा भार तितका कमी. हे सारे गणित मांडून केले असा माझा दावा नाही. कातळ जसा मिळाला तसा त्यांनी कोरला. पण परिणाम तर आपल्यासमोर आहे.

आजच्या इमारतीत हेच गणित ऊर्जा अभियंता मांडतो. तो प्रथम विजेची बिले मागतो, मग पंप पाहतो. एक हजार लिटर पाणी तीस मीटर वर चढविण्यास शास्त्राप्रमाणे युनिटच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी वीज पुरते. झिजलेला किंवा गरजेपेक्षा मोठा पंप त्याच्या दुपटी-तिपटीने खातो. मग जिन्यातील दिवे, लिफ्ट आणि शेवटी पश्चिमेच्या भिंती व गच्ची. पातळ भिंत आणि उघडी गच्ची दिवसभर तापते आणि रात्री तीच उष्णता घरात सोडते. मग पंखा, मग वातानुकूलन यंत्र.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. भिंत पातळ ठेवून पैसे वाचविले कोणी? बांधणाऱ्याने. बिल भरतो कोण? राहणारा, तेही जन्मभर. कामगार चळवळीत आम्ही एक गोष्ट शिकलो: काटकसरीचा उपदेश कोणी केला तर ती काटकसर कोणाच्या खिशातून होणार आहे, हे आधी विचारावे.

कायदाही या घराकडे सावकाशीने वळला. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 सालचा. व्यापारी इमारतींसाठी संहिता 2007 साली आली. राहत्या घरांच्या भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी, याची मर्यादा सांगणारी ‘इको-निवास संहिता’ 2018 साली निघाली, आणि मोठ्या निवासी इमारती कायद्याच्या कक्षेत घेणारी दुरुस्ती 2022 साली झाली. एवढ्या काळात किती इमारती उभ्या राहिल्या! त्या पाडता येत नाहीत. सुधारता मात्र येतात.

आणि वाया गेलेली वीज येते कोठून? राज्याची बरीचशी वीज आजही कोळशाची आहे. काही थोडी धरणांची. शेजारच्या तालुक्यात घोडनदीवर डिंभे धरण झाले. ते मुख्यतः शेतीच्या पाण्यासाठी आहे, पण त्याच्या पायथ्याशी वीजघरही आहे. मूळ आंबेगाव त्या पाण्याखाली गेले. तालुक्याला नाव राहिले, कचेरी घोडेगावात. महादेव कोळी कुटुंबांची शेते बुडाली. दिवसा जिन्यात जळणाऱ्या दिव्याचा हिशेब मांडताना ही किंमतही मांडली पाहिजे. ती बिलावर छापलेली नसते.

मग करावयाचे काय? जुन्नरचेच लेख पुन्हा वाचावेत. बुरूडकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे येथे दानाच्या रकमा ठेवलेल्या आढळतात. मूळ रक्कम मोडायची नाही, येणाऱ्या उत्पन्नातून खर्च चालवायचा, अशी त्या काळची रीत होती. कष्टकऱ्यांची संघटना विश्वासाची पेढी झाली होती. आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना 1960 च्या सहकार कायद्याने तसेच अधिकार दिले आहेत. त्यांच्या सर्वसाधारण सभेत रंगकामावर तासभर भांडण होते आणि पंपाच्या बिलावर कोणी बोलत नाही. एका वर्षाची बिले फलकावर लावा. जाणत्या माणसाकडून इमारत तपासून घ्या. पंप, दिवे, गच्ची या क्रमाने खर्च करा, आणि वाचलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवून त्यातूनच पुढचे काम करा. नव्या घराचे पैसे भरण्यापूर्वी संगमरवरी फरशीआधी पश्चिमेच्या भिंतीची चौकशी करा. आणि पहिल्या वाचलेल्या पैशातून रखवालदाराच्या तापणाऱ्या पत्र्याच्या खोलीवर नीट छप्पर घाला. तोही त्याच घरात राहतो.