'चेकिंग फॉर...' या ओळीचं कूळ

लिनक्सवर एखादा प्रोग्राम सोर्सपासून बांधायला घेतला की आधी 'कॉन्फिगर' चालवतात. पडद्यावर ओळी धावतात : 'चेकिंग फॉर स्टडलिब डॉट एच... येस'. ही हेडर फाइल नसलेलं यंत्र आज शोधूनही मिळायचं नाही. तरी प्रश्न दर वेळी विचारला जातो.

त्याचं मूळ 1991 च्या जूनमध्ये आहे. डेव्हिड मॅकेन्झी तेव्हा ग्नू प्रकल्पाची बरीच साधनं सांभाळत. युनिक्स म्हणावं तर प्रत्येक कंपनीचं निराळं, त्यामुळे मेकफाइलमधले वीसेक पर्याय वापरणाऱ्यानेच निवडायचे. मॅकेन्झींनी ग्नूच्या फाइलयुटिल्स या साधनसंचासाठी हे पर्याय स्वतःच ओळखणारी एक शेल स्क्रिप्ट लिहिली. तिच्यातूनच पुढे अशा 'कॉन्फिगर' स्क्रिप्ट तयार करून देणारं ऑटोकॉन्फ घडलं. त्यातली मला सर्वांत आवडणारी युक्ती अशी : यंत्राचं नाव-गाव विचारायचंच नाही. चार ओळींचा सी प्रोग्राम कंपायलरपुढे ठेवायचा. कंपाइल झाला तर सोय आहे, नाही झाला तर नाही.

प्रत्येक तपासणीमागे एक खरी अडचण होती. सिग्नल हाताळणारं फंक्शन काही युनिक्सवर 'इंट' परत करी, काहींवर 'व्हॉइड'. म्हणून यंत्रानुसार यांपैकी योग्य तो प्रकार घेणारं 'रेटसिगटाइप' हे नाव आलं. 1989 च्या एएनएसआय सी प्रमाणाने 'व्हॉइड' ठरवून दिलं होतं, पण जुनी यंत्रं चालू होती तोवर विचारणं रास्तच होतं. यंत्रं भंगारात गेली, प्रश्न उरला. कारण नव्या प्रकल्पाची कॉन्फिगर फाइल बहुधा जुन्यातूनच उचलली जाते. 2012 मध्ये प्रोग्रामर पॉल-हेनिंग काम्प यांनी लिबटूल या साधनाच्या 31,085 ओळींच्या कॉन्फिगरवर बोट ठेवलं, तेव्हाही त्यात स्टडलिबची चौकशी होतीच.

यात फुकट जाणारा वेळ मी एक वेळ सोडून देईन. मला खुपतं ते वेगळंच. जिचं खरं उत्तर कायम 'हो' आहे, ती तपासणी 'नाही' म्हणालीच तर चुकूनच म्हणणार. 2024 मध्ये जीसीसी 14 हा कंपायलर आला आणि घोषित न केलेलं फंक्शन वापरणं ही थेट चूक ठरली. कित्येक जुन्या तपासण्यांचे चिमुकले प्रोग्राम हेडर न घेताच 'एक्झिट' वापरत. ते कंपाइल होईनात. कॉन्फिगरने त्याचा अर्थ 'सोय नाही' असा लावला. सोय जागेवर असूनही ती वगळून प्रोग्राम बांधला जाऊ शकतो, आणि कुठे हाकबोंब होत नाही.

म्हणून अशी ओळ काढणं हे जबाबदारीचं काम आहे. 'रेटसिगटाइप' जातं, त्या जागी साधं 'व्हॉइड' येतं. स्टडलिब नसेल तर काय करायचं, यासाठी सोर्समध्ये राखून ठेवलेली इफडेफची (अटीवर कंपाइल होणारी) फांदीही छाटावी लागते. ती कित्येक वर्षांत एकदाही कंपाइल झालेली नसते.